उभ्या माणसाचं माप

“कुणीतरी खाली थांबायलाच हवं,” असं शिंपीणकाकू म्हणायच्या. नवरा पाण्याच्या टाकीवर चढला तेव्हा म्हणाल्या, सर्कशीच्या झुल्याला लोंबकळला तेव्हा म्हणाल्या. पाठीला छत्रीसारखं काहीतरी बांधून तो डोंगरावरून उडाला आणि परक्या घरच्या वाळत घातलेल्या चादरींत उतरला, तेव्हा त्या चादरी झटकून पुन्हा दोरीवर घालतानाही त्या हेच म्हणाल्या. आवाजात ना राग, ना कौतुक. दूध उतू गेलं म्हणावं तसं.

नवऱ्याला सगळी गल्ली उडता शिंपी म्हणायची. गल्लीनं बायकोला अहो-जाहो केलं आणि नवऱ्याला एकेरीतच ठेवलं. यात कुणाचा आकस नव्हता. ज्याला झाडावरून उतरवायला शेजाऱ्यांनी दोनदा शिडी आणलेली असते, त्याला ‘अहो’ म्हणताना जीभ अडखळते, एवढंच.

त्यांचं दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली होतं. पुढच्या बाजूला मशीन, कापायचं टेबल आणि एक उभा आरसा. आरशाचा खालचा तुकडा कधीतरी फुटला होता, त्यामुळे गिऱ्हाईक त्यात गुडघ्यापर्यंतच दिसायचं. खालचं सगळं विश्वासावर घ्यायचं. मागे पडदा, आणि पडद्याच्या मागे, जिना उतरत उतरत जिथे जमिनीला टेकतो, तिथे काकूंची जागा. तिथे ताठ उभं राहायची सोयच नव्हती. काज, बटणं, हूक, तुरपाई ही सगळी कामं बसून होतात, त्यामुळे काकूंची तक्रारही नव्हती. उजव्या हाताच्या मधल्या बोटात, सुई टोचू नये म्हणून घालतात ते पितळेचं अंगुस्तान असायचं. ते त्या बोटाला इतकं सवयीचं झालं होतं की भाकरी थापतानाही कधी कधी तसंच राहायचं आणि मग भाकरीवर बारीक बारीक ठिपके उमटायचे.

शिंप्याचा हात चांगला होता. कात्री अशी चालवायचा की कापडालाच कळू नये आपण कधी कापले गेलो. पण त्याला एक खोड होती. तो माप घ्यायचा ते ताठ उभ्या माणसाचं. “छाती पुढे, पोट आत, श्वास धरा,” असा हुकूम सुटायचा. गिऱ्हाईक बिचारं श्वास धरायचं आणि शिंपी त्या धरलेल्या श्वासाचा कपडा शिवायचा. तो कपडा अंगावर असा काही बसायचा की आरशासमोर माणूस स्वतःच्याच प्रेमात पडायचा. मग तो घरी जायचा आणि खुर्चीवर बसायचा.

दोन-चार दिवसांत, शिंपी चहाला गेलेला पाहून, गिऱ्हाईक पडद्यापाशी यायचं. “काकू, जरा…” एवढंच म्हणायचं. पुढचं वाक्य आजवर कुणी पूर्ण केलं नाही आणि काकूंनीही कुणाला पूर्ण करायला लावलं नाही. त्या पँट मांडीवर घ्यायच्या, आसनाची, म्हणजे बसायच्या बाजूची, शिवण उसवायच्या, दोन बोटं कापड सोडायच्या आणि पुन्हा टाके घालून द्यायच्या. कोर्टातला कारकून, शाळेतले मास्तर, बँडमधला ढोलवाला, सगळे त्या पडद्यामागून जाऊन आलेले. समोरचा न्हावी म्हणायचा की गल्लीतली निम्मी माणसं बसू शकतात ती काकूंच्या कृपेनं. शिंप्याला मात्र याचा पत्ता नव्हता. आपली शिवण आयुष्यात एकदाही परत आली नाही, हे तो नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचा. पडद्यामागे काकू तेव्हा चष्मा नाकावर ओढून दोरा ओवत असायच्या.

त्याच्या उड्यांचंही एक कारण होतं. दिवसभर मशीनच्या पायटीवर पाय चालतात, चालून चालून दुखतात, आणि संध्याकाळी बघावं तर माणूस होता तिथेच. ती सगळी न झालेली चाल तो सुट्टीच्या दिवशी एकदम वसूल करायचा. कुठे उंच काही दिसलं की त्याच्या तळव्यांना खाज सुटायची.

वर जाण्याआधी तो अंगावरची एकेक वस्तू काकूंच्या हवाली करायचा. चष्मा, पाकीट, घड्याळ, गळ्यातली टेप, आणि पुढे वय झालं तशी दातांची कवळीही. आधी काकू हे सगळं ओंजळीत धरून उभ्या राहायच्या. मग त्यांनी एक पिशवी शिवली. चष्म्याला लांबट खिसा, घड्याळाला गोल, टेपेला अरुंद. कवळीच्या खिशाला आतून मऊ अस्तर आणि वरून बटण, कारण एकदा कवळी पिशवीच्या तळाशी गेली होती आणि किल्ल्या काढायला हात घातल्यावर काकूंनाच चावली होती.

खाली आला की शिंपी दर वेळी एकच सांगायचा. “वरून सगळं एवढंसं दिसतं,” म्हणत चिमूट दाखवायचा. मग मायेनं पुढे म्हणायचा, “तूसुद्धा एवढीशी दिसत होतीस.”

माणूस एकदा एवढंसं झालं तर हरकत नाही. पण वर्षानुवर्षं, दर सुट्टीला? काकू ऐकून घ्यायच्या, पिशवीतून कवळी काढून त्याच्या हातात ठेवायच्या. मनात मात्र एक इच्छा धरून होत्या, आणि ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. एकदा आपण वर असावं, हे खाली असावेत, आणि हे केवढे दिसतात ते आपल्या डोळ्यांनी बघावं. बस्स. उडी मारायची त्यांना हौस नव्हती.

दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या लेकीनं त्या वर्षी आईबाबांना भेट दिली: हिमनदीवरची एका दिवसाची सफर. बर्फाची ही नदी डोंगराच्या खांद्यावरून इतकी सावकाश उतरते म्हणे, की तिच्या शेजारी सरकारी कचेरीसुद्धा धावती वाटावी. तिच्यात खोल भेगा असतात. एका भेगेवर आडवी शिडी टाकलेली होती, आणि त्या शिडीवरून पलीकडे जायचं, हीच खरी गंमत. लेकीनं फोनवर बाबांशी बोलून झाल्यावर आईला बोलावून घेतलं आणि सांगितलं, “आई, दोन जागा घेतल्यात. दोन.”

सफरवाल्यांचा वयाचा एक नियम होता, आणि शिंपी पुढच्याच महिन्यात त्या नियमाच्या बाहेर जाणार होता. म्हणजे ही शेवटची संधी. त्यानं ती न्हाव्याला सांगितली, किराणावाल्याला सांगितली, माप द्यायला आलेल्या एका परक्या माणसाला श्वास धरायला लावून सांगितली. आणि प्रत्येकाला हेही सांगितलं, की ही हिमनदीकाठच्या झोपडीत शेकत बसेल, मी वर जाऊन येईन.

निघायच्या आदल्या दिवशी काकू एका सदऱ्याला बटण लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “या खेपेला मीपण वर येणार आहे.”

शिंपी मनापासून हसला. “मग दात कोण धरणार?”

काकूंनी दोरा दातानं तोडला आणि दुसरं बटण घेतलं.

सकाळी दोघं बसनं डोंगराच्या पायथ्याशी उतरले तेव्हा थंडीनं नाकं लाल झाली होती. तिथल्या कचेरीत एका माणसानं सगळ्यांसमोर कापूस भरलेल्या अंगरख्यांचा आणि पँटींचा ढीग ओतला. शिंप्यानं एक पँट उचलली, उलटी केली, शिवण बघितली आणि त्याचा चेहरा असा झाला की वाटावं, घरात कुणी वारलं. त्यानं माप विचारलं. सगळ्यांना एकच माप, असं उत्तर आलं.

“सगळ्यांना एक म्हणजे कुणालाच नाही,” शिंपी म्हणाला आणि पँट काखेत मारून बाहेर पडला.

वर जायला एक छोटी गाडी होती. घाटाची लांब वाट. गाडी सुटायच्या आधीच शिंप्यानं मधल्या मोकळ्या जागेत उभं राहून छाती पुढे काढली, पोट आत घेतलं, श्वास धरला आणि काकूंना टेप लावायला सांगितली. बाकीची चार तरुण मंडळी आपापले फोन विसरून हे बघत बसली. काकूंनी माप घेतलं. मग त्यानं टोपीत टोचून ठेवलेल्या दोन सुया काढल्या, एक स्वतः घेतली, एक काकूंना दिली. बाजूच्या शिवणी त्याच्या, आसन काकूंचं.

वळणावळणावर गाडी हेलकावत होती आणि नवरा-बायको एकाच पँटला दोन्हीकडून टाके घालत होते. आसनापाशी येताच काकूंच्या बोटांनी सवयीनं कापड सोडलं. आजवर त्या हे गुपचूप करत आल्या होत्या. आज पहिल्यांदाच उघड बोलल्या. “इथे दोन बोटं सोडते.”

“एक सूतही सोडायचं नाही,” शिंपी म्हणाला. “गबाळं दिसेल. तिथे फोटो काढतात.”

“पाय उचलावा लागेल.”

“अगं, माझी शिवण कधी परत आली आहे का?”

काकूंनी सुई कापडातच टोचून ठेवली. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. फक्त कंटाळा होता, पुष्कळ दिवसांचा, घडी घालून ठेवलेला. आयुष्यभर नवऱ्याचं न ऐकून त्याची लाज राखली. आज जरा त्याचं ऐकून बघू, असं त्यांना वाटलं. त्यांनी एक सूतही सोडलं नाही. दुहेरी दोऱ्यानं, सांगितलं तसं, घट्ट शिवून दिलं.

मग शिंप्यानं काकूंच्या पँटकडे हात केला. काकूंनी ती पाठीमागे घेतली. असं गाठोडं घालून फिरणार का, असं तो म्हणाला. काकू म्हणाल्या की गाठोडं बरं, त्याला निदान बसता तरी येतं.

हिमनदीच्या कडेला लाकडी झोपडी होती. आत शेगडी, बाकं, भिंतीला टांगलेले दोर. बाहेर मात्र काकूंनी कधी कल्पनाही केली नव्हती असं काही पसरलं होतं. दुकानात आलेला पांढऱ्या कापडाचा अख्खा तागा कुणीतरी डोंगरावरून खाली सोडून द्यावा, तो सुरकुत्या पडत पडत यावा आणि मध्येच थिजावा, तसं. सुरकुत्यांच्या आत निळा रंग. पांढऱ्याचं अस्तर निळं असतं, हे त्यांना आजच कळलं. सगळीकडे इतकी शांतता की आपलाच श्वास परक्यासारखा ऐकू यावा. काकू दारातच थबकल्या. भीती असावी. पण तिच्यामागून दुसरंही काही आलं, आणि तळव्यांना बारीक खाज सुटली. अरेच्चा, त्यांना वाटलं, म्हणजे ही असते होय ती.

गाइड बाई तिशीतली, उन्हानं नाक सोललेली, कमी बोलणारी. तिनं सगळ्यांच्या बुटांना लोखंडी काटे बांधले, कमरेला पट्टे आवळले आणि सांगितलं, की ऊन चढायच्या आत शिडी पार करून परत यायचंय, उशीर करून चालणार नाही. आणि निघण्याआधी एक परीक्षा. दाराबाहेर बर्फात मांडीएवढी उंच पायरी कोरलेली होती. त्या पायरीवर पाय टाकून जो स्वतःला वर ओढेल तो दोरावर, बाकीचे शेगडीवर.

शिंप्याचा क्रमांक आला. त्यानं सगळ्यांदेखत चष्मा काढला, पाकीट काढलं, घड्याळ काढलं, टेप काढली, शेवटी तोंडात बोटं घालून कवळी काढली आणि न बघता हात बाजूला केला. आणि काकूंचा हात पुढे आला. त्यांनी पुढे केला नव्हता, तो आपला आपणच आला, म्हाताऱ्या बैलानं घराची वाट धरावी तसा. एकेक वस्तू आपापल्या खिशात गेली, कवळीवर बटण लागलं. पिशवी पोटाशी धरून काकू उभ्या राहिल्या आणि त्यांना आपल्याच हाताची इतकी चीड आली की त्याला चिमटा काढावासा वाटला.

शिंप्यानं छाती पुढे काढली. पोट आत घेतलं. उभा होता तोवर तो खरंच रुबाबदार दिसत होता. गाडीतल्या तरुण मंडळींनीही मान डोलावली. मग त्यानं पाय उचलला. पाय वीतभर उठला आणि थांबला. त्यानं पुन्हा जोर केला. पुन्हा वीतभर. उडता शिंपी असल्या गोष्टीला हार जात नाही. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःची मांडी धरली आणि हिसका दिला.

काकूंचा टाका पक्का होता. तो सुटला नाही. टाक्याशेजारचं कापड फाटलं, आसनापासून गुडघ्यापर्यंत, आणि आतला कापूस भसाभस बाहेर येऊन वाऱ्यावर उडाला. उरल्यासुरल्या अस्तराच्या कापडातून शिवलेली पट्ट्यापट्ट्यांची आतली विजार त्या पांढऱ्याशुभ्र एकांतात झळकली. चार तरुणांपैकी एकानं पाठ फिरवली. त्याचे खांदे हलत होते.

गाइड बाई हसली नाही. फाटक्या कपड्यानं बर्फावर नेता येणार नाही आणि वर जादा पँट ठेवत नाहीत, एवढंच तिनं सांगितलं.

शिंपी मागे वळला. दात नसल्यामुळे गाल आत गेले होते आणि शब्द फुसफुसत आले. “तुझी दे. तू तर बसणारच आहेस.”

गाइड बाईनं दोघांकडे बघितलं. “होईल त्यांना,” ती म्हणाली. “एकच माप आहे.”

शिंप्याचा आवाज खाली आला. “पुढच्या महिन्यात मला कुणी घेणार नाही गं.”

ते खरं होतं, आणि काकूंना ते त्याच्याइतकंच माहीत होतं. हा माणूस उरलेली सगळी वर्षं मशीनवर बसून या शिडीबद्दल बोलेल, आणि पडद्यामागे बसून ते ऐकायचं कुणी, तर आपणच. कमरेच्या पट्ट्याकडे हात निघाला. तोच सवयीचा हात. काकूंनी दुसऱ्या हातानं त्याला धरलं.

“बाई, माझी जागा आहे ना तुमच्याकडे?” त्यांनी गाइडला विचारलं. “लेक म्हणाली होती, दोन.”

“दोन आहेत, काकू.”

काकूंनी पिशवी गाइडकडे दिली, पायरीपाशी आल्या आणि पाय उचलला. पँट इतकी ढगळ होती की आत आणखी एखादा पाय मावला असता. त्यांचे गुडघे आयुष्यभर मांडी घालून बसलेले, वाकण्यात मुरलेले. एकदा धाप लागली, एकदा हुंदक्यासारखा आवाज निघाला, आणि त्या पायरीवर होत्या. पायरी उतरून त्यांनी पिशवी परत घेतली आणि नवऱ्याच्या गळ्यात अडकवली.

“सुई टोपीत आहे,” त्या म्हणाल्या. “आत जाऊन शिवा. आसन उसवा आणि दोन बोटं सोडा.”

“माझी शिवण कधी परत…”

“येते,” काकू म्हणाल्या. “पडद्यामागे येते. सगळ्यांची येते.”

शिंप्यानं तोंड उघडलं. कारकून, मास्तर, ढोलवाला, एकेक जण त्याच्या डोळ्यांसमोरून बसत बसत गेला असावा. मग त्यानं विचारलं ते भलतंच.

“आणि पडलीस तर?”

“तर पडेन. तुम्ही किती वेळा पडलात, मी बघितलंच की. बघून काही होत नाही माणसाला.” मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, “आल्यावर सांगीन, तुम्ही केवढे दिसत होतात ते.”

गाइड बाईनं हातमोजे दिले. डावा गेला. उजवा मधल्या बोटाशी अडला. काकूंनी बघितलं तर अंगुस्तान. ते ओढून काढायला जरा वेळच लागला. खाली बोटाला पांढरं कडं पडलं होतं. त्यांनी अंगुस्तान नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं पिशवी चाचपली. लांबट खिसा, गोल खिसा, अरुंद खिसा. सगळे त्याचे. अंगुस्तानाला खिसाच नव्हता. शिवताना काकूंनाही ते सुचलं नव्हतं.

शिंप्यानं अंगुस्तान मुठीत धरलं. मग त्यानं मऊ अस्तराच्या खिशाचं बटण काढलं, कवळी काढून तोंडात बसवली, आपला चष्मा डोळ्यांवर चढवला, अंगुस्तान त्या मऊ खिशात ठेवलं आणि बटण लावलं. ते नीट लागलं की नाही हे अंगठ्यानं दाबून बघितलं.

“तुझा चष्मा?” त्यानं हात पुढे केला.

“चष्मा राहू दे,” काकू म्हणाल्या. “मला बघायचंय.”

दोर ताणला. गाइड बाई पुढे, मग काकू, मागे चार तरुण. काटे बर्फात रुतायचे आणि सुटायचे, जाड कापडात सुई जावी तसा करकर आवाज. काकूंनी मनाशी ठरवलं होतं, शिडीपाशी पोचलं की मागे वळून बघायचं. इतक्या वर्षांची ती एकच मागणी होती. पण शिडी आली तशी खाली निळी भेग उघडली, इतकी खोल, इतकी निळी, की काकूंनी पहिल्या दांड्यावर पाय ठेवला, मग दुसऱ्यावर, आणि मागे बघायचं राहूनच गेलं.

झोपडीच्या दारात शिंपी उभा होता. एका हातानं पिशवी छातीशी धरलेली, दुसऱ्या हातानं फाटकी पँट मागून आवळलेली. वारा मिळेल तिथून आत शिरत होता. झोपडी राखणाऱ्यानं आतून शेगडीजवळ या म्हणून हाक मारली, ती त्याला ऐकू गेली नाही. पांढऱ्यावरचा तो ढगळ ठिपका शिडीच्या मधोमध आला, जरा डोलला, सावरला आणि पुढे निघाला. शिंप्यानं श्वास धरला होता.